तीन सेन्सर आणि एक आबा

माझं निम्मं आयुष्य तांब्याच्या तारेत गेलं. शिरूरला दुकान. बोअरच्या, विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी यायच्या, त्या उघडायच्या, काळं पडलेलं वायंडिंग ठोकून काढायचं आणि नवं भरायचं. मग रस्त्यावर इलेक्ट्रिक रिक्षा आल्या, टेम्पो आले, स्कूटर तर दारोदारी झाल्या. मोटर म्हटली की हा माणूस, असं लोकांनी धरूनच ठेवलं होतं. मी काही रविवार पाबळला एका ओळखीच्या मास्तरांकडे जाऊन बसलो, त्यांचं डोकं खाल्लं आणि परत येऊन दुकानाच्या पाटीवर इलेक्ट्रिक गाड्यांची एक ओळ वाढवली.

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगतो. बायको म्हणते, तुमच्या दुकानात सगळ्यात आधी गरम होतं ते तुमचं वायंडिंग. ते खोटं नाही. पण माझा राग माणसांवर असतो, मोटरीवर कधी नसतो. मोटर बिचारी जे होतंय तेच सांगते.

या नव्या गाड्यांच्या मोटरीत एक गंमत असते. आत चुंबक फिरतं आणि ते फिरून कुठवर आलंय हे सांगायला तीन बारके सेन्सर बसवलेले असतात, मसुराच्या डाळीएवढे. आता इथं आलं, आता तिथं आलं, असं ते कंट्रोलरला सारखं कळवत राहतात आणि त्यावर कंट्रोलर ठरवतो की पुढचा करंट कुठल्या तारेत सोडायचा. तिघांतला एक जरी गप्प बसला तरी डोळे बांधून झोपाळ्याला झोका देणाऱ्या माणसासारखी त्याची गत होते. धक्का भलत्याच वेळी बसतो. गाडी गचके खाते, थरथरते आणि उभी राहते.

अशीच एक रिक्षा एका दुपारी पिकअपमध्ये चढवून माझ्या दारात आली. केडगावच्या पलीकडच्या एका वस्तीवरून आणलेली. बरोबर दोन माणसं. एक पस्तिशीची बाई, अंगावर ड्रायव्हरचा खाकी शर्ट, खाली साडी. दुसरे तिचे सासरे, टोपी आणि पांढरा सदरा, तोंडावर असा भाव की आम्ही इथं उगाच आलोय. ती त्यांना आबा म्हणत होती, म्हणून मीही आबाच म्हणायला लागलो. रिक्षा मात्र इतकी चकचकीत होती की शोरूममधून थेट आणल्यासारखी वाटत होती. मी तसं म्हणालो, तर आबांनी मिशीवरून हात फिरवला.

बाईचं काम असं, की सकाळी वस्त्यांवरच्या बायका आणि कॉलेजच्या पोरी गोळा करायच्या आणि केडगाव स्टेशनला डेमू लोकलच्या वेळेला सोडायच्या. संध्याकाळी उलट. नवरा दौंडला रेल्वेत, ड्युटी कधी कुठली असेल त्याचा नेम नाही. रिक्षा तिच्या नावावर आणि तिच्याच हातात. आधी ती दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची.

"ही गाडी मधीच थांबती, मामा," ती म्हणाली. "कवा थांबल सांगता येत न्हाई. गचके देती आन् बंद. थोड्या वेळानं आपोआप चालू."

"सगळं सांग की," आबा म्हणाले. "गेटावरचं सांग."

मग तिने सांगितलं. आदल्या आठवड्यात भरलेली गाडी घेऊन ती रेल्वेचं गेट ओलांडत होती. गेट उघडंच होतं. पुढचं चाक रुळावर चढलं आणि गाडी थरथरून उभी राहिली. बायका खाली उतरल्या, गेटमन धावत आला, सगळ्यांनी मिळून ढकलली. आगगाडीला वेळ होता, तसं काही झालं नाही. हे सगळं ती हसत हसत सांगत होती.

"मला काय भ्या वाटलं न्हाई," ती म्हणाली. मी विचारलंही नव्हतं.

"हिला न्हाई वाटलं," आबा म्हणाले. "पर मी सांगून ठिवलंय. आनखी एकदा गाडी थांबली की दौंडच्या गिऱ्हाइकाला देऊन टाकायची. त्यो कवाचा मागं लागलाय. मंग ही आपली रानात."

बाई पदराशी चाळा करत गाडीकडे बघत राहिली. मला त्या क्षणी कळलं की दुरुस्त काय करायचंय. गाडी तर होतीच, पण ती थांबली तर तिच्याबरोबर ही बाईसुद्धा थांबणार होती.

मी चावी फिरवली. गाडी हलेचना. नुसती गुरगुरत होती, जागच्या जागी कापत होती. हा फॉल्ट तिने सांगितलेला नव्हता, हा वेगळाच होता. मी वाकून बघितलं तर मोटरीकडून येणाऱ्या तीन जाड तारांपैकी दोघींची जागा कुणीतरी बदललेली.

"हे कुणी केलं?"

आबा म्हणाले, "मी."

आता ही चूक पुण्यातला माणूस करणार नाही, त्याच्या डोक्यातच येणार नाही. आमच्याकडे मात्र शेतकऱ्याचा हात आपोआप तिकडे जातो. डीपीचं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं, काम झालं, लाईट परत आली आणि बोअरची मोटर उलटी फिरायला लागली, की स्टार्टरमधल्या दोन वायरी अदलाबदल करायच्या. मोटर सरळ. आबांनी जन्मभर हेच केलं होतं. मोटर रुसली की दोन वायरी बदला.

माझं वायंडिंग तापलंच. "आबा, ही काय बोअरची मोटर हाय का? हिच्या आत तीन सेन्सर हायत. ते एक सांगत्यात आन् तुम्ही बदललेल्या तारा दुसरंच करत्यात. मंग ती हलंल कशी?"

"मोटर ती मोटर," आबा म्हणाले आणि पाठ फिरवून रस्त्याकडे बघत बसले.

तारा जागेवर लावल्या आणि गाडी गुमान चालायला लागली. पण तो मूळचा फॉल्ट कुठे होता? मागचं चाक उचलून हाताने हळूहळू फिरवलं, कंट्रोलरपाशी मीटर लावून तिन्ही सेन्सर बघितले. तिघंही बोलत होते. वर, खाली, वर, खाली, अगदी शिस्तीत. मी गाडी न्हावऱ्याच्या रस्त्याने लांबवर चालवून आणली. काहीही नाही. त्यांना परत पाठवलं आणि मनात म्हणालो, हे काही खरं नाही.

चार दिवसांत फोन आला. सकाळी स्टेशनजवळ पुन्हा थांबली होती. आबा तेव्हा घरी होते आणि गाडीतल्या बायकांनी तोंड बंद ठेवायचं कबूल केलं होतं, म्हणून ती वाचली. ती भर उन्हाची गाडी चालवत शिरूरपर्यंत आली आणि माझ्या दारात येईपर्यंत गाडी पुन्हा गुणी झालेली. डॉक्टरच्या दारात पोराचा ताप उतरावा तसं. डिस्प्लेवर मोटरीच्या सेन्सरचा कोड येऊन गेला होता एवढाच काय तो पुरावा. मी मोटर बदलायला सांगू शकलो असतो. पण न सापडलेल्या आजारावर ऑपरेशन करायचं मला जमत नाही.

"ताई," मी म्हणालो, "आता रोज सकाळी फोन करा. थांबली तरी करा, न्हाई थांबली तरी करा."

ती करायची. काही दिवस गाडी रोज त्रास द्यायची, एखादा तरी गचका ठरलेला. मग काही दिवस एकदम गप. गाडीच्या फॉल्टला सुट्टी असते हे मी पहिल्यांदाच बघत होतो. चिडचिड इतकी झाली की बायकोने जेवायच्या ताटाशी फोन घेऊन बसायला बंदी केली.

मग एका सकाळी तिचा फोन आला, की आज ठीक. मी सहज विचारलं, आबा कुठायत?

"झोपलेत. रातभर पानी धरत व्हते."

मी फोन खाली ठेवला आणि दुकानात बघितलं. दाराशी दोन जळालेल्या मोटरी सकाळीच येऊन पडल्या होत्या. शेतीची लाईट आमच्याकडे पाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की जळालेल्या मोटरी माझ्याकडे सकाळी येतात, दिवसाची असली की दुपारनंतर. इतकी वर्षं माझं दुकान त्या पाळीवर चाललंय, मला कॅलेंडर बघावं लागत नाही. मी तिचे सगळे फोन आठवले. ज्या दिवसांत गाडी थांबत होती त्या दिवसांत माझ्याकडे मोटरी दुपारी येत होत्या. फॉल्ट दिवसाच्या लाईटीबरोबर येत होता आणि तिच्याबरोबर जात होता.

मी लगेच उलटा फोन लावला. "चार्जिंग बोअरच्या लाईनीवर करता का?"

"न्हाई मामा, घरच्या मीटरवर."

म्हणजे तेही नव्हतं. मग रिक्षाचा आणि शेतीच्या लाईटीचा संबंध काय? हे फोनवर सुटण्यातलं नव्हतं.

दिवसाची पाळी सुरू झाली तशी मी स्कूटर काढली आणि सकाळी सकाळी न्हावऱ्यावरून भीमेचा पूल ओलांडून त्यांच्या वस्तीवर पोचलो. थंडीचे दिवस होते. उसाच्या बैलगाड्या रस्ता अडवून चालल्या होत्या. वस्तीवर झेंडूचा तुकडा फुललेला, पलीकडे कांदा. त्या पलीकडे थोड्या अंतरावर रेल्वेचा रूळ आणि ते गेट, बांधावरून दिसत होतं. बाई चुलीपाशी होती आणि रिक्षा अंगणात उभी होती.

तेवढ्यात लाईट आली. बोअर हुंकारली. आबा हौदाकडे गेले, पाइप ओढत आणला आणि रिक्षा धुवायला लागले.

मी खूप जणांना गाड्या धुताना बघितलंय. असं कुणाला नाही. आधी टप, मग काच, मग सीट उचलून सीटखाली. एका हाताने पाइपाचं तोंड दाबून धार धरलेली, दुसऱ्या हाताने चोळत होते. तोंडाने हळू आवाजात काहीतरी बोलत होते, त्या गाडीशीच. मग गुडघे टेकून बसले आणि धार खालून मारली, मागच्या चाकांच्या मध्ये, वरच्या दिशेने. बैलाच्या पोटाखाली मारायची तशी. मला म्हणाले, "खालून न्हाई धुतलं तर जनावराला गोचीड व्हतंय आन् गाडीला गंज चढतोय."

ती धार जिथे लागत होती तिथे मोटर होती. आणि मोटरीच्या वर, सेन्सरच्या पाच बारीक तारांचा जोड, तीन निरोपाच्या आणि दोन करंटच्या.

मी वाकलो आणि त्या जोडावर बोट फिरवलं. पांढरा क्षार बोटाला लागला. तिकडचं बोअरचं पाणी खारं असतं, सगळ्यांना ठाऊक आहे, भांडी पांढरी पडतात. जोडाचं रबर एका बाजूला फाटलेलं. पाणी आत शिरायचं, क्षारामुळे एका तारेतून दुसरीत झिरपायचं आणि तिघांतला एक सेन्सर गप्प बसायचा. ऊन चढलं, गाडी तापली, जोड वाळला की पुन्हा सगळे बोलायला लागायचे. म्हणून शिरूरला पोचेपर्यंत गाडी बरी व्हायची. रात्रीच्या पाळीत आबा रानात जागून सकाळी झोपायचे, गाडी धुतली जायची नाही, फॉल्ट यायचा नाही.

सापडलं म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. क्षणभर झालाही. मग मी आबांकडे बघितलं. ते फडक्याने आरसा पुसत होते, त्यात तोंड दिसतंय का बघत होते.

बाईने मला चहाच्या निमित्ताने आत बोलावलं. तिने माझा चेहरा वाचला होता. "पानीच हाय ना मामा?"

मी मान हलवली.

"त्यांना सांगू नका." तिचा आवाज एकदम खाली गेला. "कायतरी पार्ट खराब व्हता म्हणा. गेटावर झालं तवापास्नं मी गेट वलांडती त्या टायमाला ते रोज, रातभर जागले तरी, त्या बांधावर येऊन हुबं ऱ्हात्यात. झेंडू बघतोय असं दाखिवत्यात. त्यांना वाटतंय मला दिसत न्हाई. आन् आता त्यांना कळलं की त्यांच्याच हातानं..."

मला ती बाई फार आवडली त्या क्षणी. आणि तिचं म्हणणं अजिबात पटलं नाही. काही न सांगता मी जोड बदलला असता, रबर बसवलं असतं. पण आबांना कारण कळल्याशिवाय त्यांचा गाडीवर विश्वास बसणार नव्हता आणि खाऱ्या पाण्याची धार रोज खालून चालूच राहणार होती. आज ना उद्या पुन्हा तेच. आणि दुसरं म्हणजे माणसांबद्दल मी वेळप्रसंगी खोटं बोलतो, मोटरीबद्दल बोलत नाही. तसं मी तिला म्हणालो. ती माझ्याकडे रागाने बघत राहिली.

"बरं," मी म्हणालो, "आधी मीटर लावून खात्री तर करू." हे खरं म्हणजे वेळ काढणं होतं.

सीटखालचं झाकण उघडून मीटरच्या वायरी लावल्या आणि मी मागे बसलो. ती पुढे. आम्ही निघणार तोच आबा येऊन माझ्या शेजारी बसले. "मला बी बघायचाय तुमचा सेन्सर," म्हणाले. आता त्यांना उतरा कसं म्हणणार?

वस्तीचा कच्चा रस्ता संपला, डांबर लागलं. मीटरचा आकडा वर खाली नाचत होता. आबा माझ्या हातातल्या मीटरकडे टक लावून बघत होते. मी त्यांना सांगितलं की हे नाचणं म्हणजे सेन्सर बोलतोय. त्यांनी मान डोलावली. गेट अजून दूर होतं. उसाच्या एका फडाशेजारी आकडा एकाएकी एका जागी थांबला आणि हललाच नाही. पाठोपाठ गाडीने गचका खाल्ला, थरथरली, उभी राहिली.

आबा खाली उतरले, वाकले आणि गाडीच्या पोटाखाली बघायला लागले. मोटरीवरून अजून पाणी ठिबकत होतं. ते बराच वेळ त्या थेंबांकडे बघत होते. मला काही सांगावंच लागलं नाही.

"गेटावर बी ह्येच झालं व्हतं का?" त्यांनी विचारलं, वर न बघता.

"वायर जुनी झाली व्हती आबा," बाई घाईघाईने म्हणाली. "पान्याचं काय न्हाई त्यात."

"मी तुला न्हाई, मिस्त्रींना इचारतोय."

"व्हय आबा," मी म्हणालो. "ह्येच."

ते तिथेच, रस्त्याच्या कडेला, मातीत बसले. मी जोड सोडवला आणि उन्हात धरला. त्यांनी हात पुढे केला, म्हणून मी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी टोपी काढली, टोपीच्या आतल्या कोरड्या बाजूने त्या बारक्या पिना एक एक करून टिपल्या आणि मग त्यावर हळूहळू फुंकर घालत बसले. पोराच्या डोळ्यात काही गेलं की घालतात तशी. मी मुद्दाम पाठ करून उभा राहिलो. माझ्या पिशवीत पिना पुसायचा स्प्रे होता, पण तो काढायची मला छाती झाली नाही.

जोड वाळला. आबांनी तो स्वतः जागेवर बसवला, मी फक्त कुठली बाजू वर ते दाखवलं. मी वरून टेप गुंडाळला आणि सांगितलं की नवा जोड आणि रबर उद्या आणून बसवतो, मग पावसातसुद्धा काही होणार नाही, फक्त खालून धार नको. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. त्यांनी खिशातून फोन काढला, लांब धरून नंबर शोधला आणि लावला.

"त्या गाडीचं म्हनत व्हतो... न्हाई, द्यायची न्हाई... न्हाई, गाडीत काय खोट न्हाई." मग थोडं थांबून, "खोट घरात व्हती." आणि फोन ठेवून दिला.

बाई म्हणाली, "असं काय बोलता आबा. तुम्ही धुतलेली गाडी बघूनच बायका बसत्यात. स्टेशनवर चार रिक्षा हुब्या असल्या तरी लांबनं माझीच वळखत्यात."

आबा जवळ आले. रिक्षाच्या दांडीला धरून उभे राहिले. मग त्यांनी सुनेला विचारलं, तिच्याकडे न बघता, "त्या दिशी तुला भ्या वाटलं व्हतं का गं?"

मला वाटलं ती नेहमीसारखी हसणार. इतके दिवस तिने हे सगळ्यांना हसत सांगितलं होतं, नवऱ्याला, स्टेशनवरच्या बायकांना, मला. घाबरले म्हटलं असतं तर गाडी गेली असती. आता गाडी कुठे जाणार नव्हती. तिने हँडलवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

"लई," ती म्हणाली. "लई भ्या वाटलं, आबा."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मला बी," ते म्हणाले.